जुन्या फ्रंट लोड मशीनचं बेअरिंग बदललं तरी परत परत घरघर? आधी शाफ्ट बघा

लक्षणं ठरलेली असतात. धुताना मशीन बरं चालतं, स्पिनला गेलं की मागून घरघर, आधी ऐकू येईल न येईल इतकी आणि मग शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबवावं लागेल इतकी. मशीन खोललं, बेअरिंग बदललं, सोबत पाणी अडवणारं रबरी सीलही नवीन टाकलं, मशीन एकदम गप्प, सगळे खूश. आणि वर्ष व्हायच्या आत परत तोच आवाज. मग पुढच्या वेळी महागातलं बेअरिंग येतं, त्याच्या पुढच्या वेळी 'हल्ली सगळा माल डुप्लिकेट' म्हणून बेअरिंगवाल्याला शिव्या, आणि शेवटी चांगलं जाड पत्र्याचं, अजून कितीतरी वर्षं चाललं असतं असं मशीन भंगारात.

डुप्लिकेट बेअरिंगं मिळतात, नाही असं नाही. पण एकाच मशीनमध्ये एकाच जागेचं बेअरिंग सारखं सारखं जात असेल तर दोष बेअरिंगचा नसतोच जवळजवळ. बेअरिंग सगळ्यात शेवटी मरतं. त्याच्या आधी सील गेलेलं असतं, आणि सीलच्याही आधी शाफ्टवरची ती बोटभर जागा गेलेली असते जिथे सीलची लिप, म्हणजे त्याची आतली पातळ रबरी कड, टेकते. ती जागा कोणी बघत नाही, कारण ती बदलायचा पार्ट म्हणून पाकिटात येत नाही.

(हे सगळं आडव्या ड्रमच्या फ्रंट लोडबद्दल आहे, ज्यात ड्रम मागच्या एकाच शाफ्टवर लटकलेला असतो. टॉप लोडचं प्रकरण वेगळं, ते इथे नको.)

खोलायच्या आधी आवाज नक्की कुठला ते ठरवा. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि जुन्या मशीनमध्ये मोटरच्या किंवा फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो तेव्हा तिथे उगाच बोटं घालू नका. मागचं झाकण काढा, पट्टा उतरवा, आणि ड्रम नुसत्या हाताने फिरवा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टबच्या (ड्रमभोवतीचं पाण्याचं भांडं) मागे बेअरिंगच्या घराला, म्हणजे ते ज्या खोबणीत बसतं त्या भागाला, टेकवून मूठ कानाला लावली की आतली खरखर स्पष्ट ऐकू येते. ड्रम गप्प फिरतोय आणि मोटर एकटी फिरवल्यावर आवाज येतोय तर मोटरची बेअरिंगं किंवा कार्बन ब्रश, ते फार सोपं काम आहे, सुटलात. मधेच टिक-टिक असं काहीतरी अडकल्यासारखं असेल तर ड्रम आणि टबच्या मधे नाणं किंवा कपड्यातली तार पडलेली असते.

मग दार उघडून ड्रमची वरची कड धरा आणि वर-खाली करा. ड्रम आणि टब दोन्ही एकत्र हलले तर ते स्प्रिंगवर लटकलेत म्हणून हलले, त्यात काही नाही. ड्रम टबच्या आत वेगळा हलत असेल, हाताला कट-कट लागत असेल, तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. आता इथे घाईत न सोडता ड्रम पाव फेरा फिरवून परत तेच करा, मग अजून पाव फेरा. प्ले सगळीकडे सारखा असेल तर बेअरिंग. एका ठरावीक जागीच जास्त असेल, किंवा ड्रम फिरवताना त्याची कड आणि दाराचं रबर यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल, तर मागचा स्पायडर तडकलाय किंवा वाकलाय. स्पायडर म्हणजे ड्रमच्या पाठीमागचा तो तीन हातांचा अॅल्युमिनियमचा भाग ज्यात शाफ्ट बसवलेला असतो. स्पायडर तुटलेला असताना नुसतं बेअरिंग बदललं तर ते किती दिवस टिकेल हे सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. काढलेलं जुनं बेअरिंग फेकू नका. ते का मेलं हे त्याच्याच पोटात लिहिलेलं असतं. रबरी झाकण टाचणीने किंवा बारीक पेचकसाने उचकटा आणि आत बघा. ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल आणि गोळ्यांवर गंजाचे ठिपके म्हणजे पाणी शिरलंय. ग्रीस काळं जळकं, रेसवर (गोळ्या जिच्यावरून धावतात ती आतली किंवा बाहेरची रिंग) निळसर झाक किंवा धातूचे खवले निघालेले पण गंज नाही, म्हणजे भार जास्त झाला. रेसवर गोळ्यांच्या अंतराने सारखे खड्डे दिसले तर बसवताना कोणीतरी हातोड्याने ठोकलंय (फक्त एक लक्षात घ्या, घरातून काढताना आतल्या रेसवरच ठोकावं लागतं त्यामुळे ताजे चकचकीत ठसे उमटतात, ते सोडून द्या, जुने ठसे मळकट आणि कडा गुळगुळीत झालेले असतात). गोळ्यांच्या वाटेचा पट्टा रेसच्या मधोमध नसून एका कडेला घासलेला असेल तर बेअरिंगवर बाजूने दाब होता. आणि बेअरिंगच्या आतल्या भोकात किंवा शाफ्टच्या सीटवर लालसर भुकटी दिसली तर आतली रेस शाफ्टवर लूज होती, सरकत होती.

दहातली बहुतेक मशीनं पहिल्या प्रकारात येतात, पाणीवाली. म्हणून तिथेच जरा थांबू.

शाफ्टवर, स्पायडरच्या अगदी जवळ, पितळेचा किंवा स्टीलचा एक बुश, म्हणजे आखूड नळीसारखं कडं, दाबून बसवलेला असतो, काही मशीनमध्ये बुश नसतो आणि सील थेट शाफ्टवर चालतं. सीलची लिप वर्षानुवर्षं याच एका रेघेवर फिरते. रबर मऊ आणि धातू कडक, मग धातू कसा झिजतो असं वाटेल, पण पाण्यातला क्षार, गंजाची भुकटी, कपड्यांतली माती हे सगळं त्या मऊ लिपमध्ये रुतून बसतं आणि लिपचाच साणेचा दगड होतो. धातूवर गोल चर पडतो. आता तुम्ही त्याच मापाचं नवीन सील त्याच खोलीवर बसवलं की नवी लिप बरोबर त्याच जुन्या चरात जाऊन बसते, तिला घट्ट टेकायला काही नसतं, आणि पहिल्या दिवसापासून थेंब-थेंब पाणी पलीकडे जायला लागतं. बेअरिंगचं स्वतःचं रबरी झाकण थोडे दिवस तग धरतं म्हणून मशीन काही महिने शांत वाटतं. मग घरघर.

बुश आधी स्वच्छ करा, पितळेवर हिरवट-पांढरं पूट चढलेलं असतं त्याखाली काही दिसत नाही. मग नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने त्याच्यावरून सरकवा. नुसती चमकदार रेघ आहे, नख अडकत नाही, तर बुश चालेल. नख किंचित जरी अडकलं तरी तो बुश गेला असं समजा, डोळ्याला कितीही ठीक दिसू दे. भिंगातून बघितलं तर चराच्या दोन्ही काठांना उभे राहिलेले बारीक कंगोरे दिसतात, नवीन सीलची लिप आत जाताना याच कंगोऱ्यांवर कापली जाते, म्हणजे चर पडलेल्या बुशवर सील घालणं हे दोन्हीकडून तोट्याचं.

चमकदार रेघवाला बुश असेल तर ४०० आणि मग ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पट्टीसारखा गुंडाळायचा आणि बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तसा ओढायचा, शाफ्टच्या गोलाईने. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या बारीक आडव्या चरांमधून पाण्याला सरळ वाट मिळते.

चर पडलाय तर तीन रस्ते. सगळ्यात स्वस्त आणि मला आवडणारा म्हणजे सीलच एक-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवायचं, घरात तेवढी जागा असेल तर, म्हणजे लिप कोऱ्या धातूवर चालते. मागे पातळ रिंग घालून हे जमतं, मात्र सील बेअरिंगला घासता कामा नये आणि स्पायडर त्याच्यावर चढता कामा नये, दोन्हीकडचं अंतर मोजून मगच करा. दुसरा रस्ता, पातळ रिपेअर स्लीव्ह. स्पीडी-स्लीव्ह नावाने ज्या येतात त्यांची भिंत फक्त ०.२८ मिलिमीटरच्या आसपास असते त्यामुळे जुन्याच मापाचं सील वर चालतं. खोल चर असेल तर आधी तो धातू भरणाऱ्या इपॉक्सीने भरून सपाट करायचा, ओला असतानाच स्लीव्ह सरकवायची, नाहीतर पोकळ जागेवर पातळ पत्रा दबतो. तिसरा रस्ता लेथवर नवीन बुश करून घ्यायचा.

लेथवाल्याला माप देताना चरात मोजू नका, बुशच्या न झिजलेल्या कडेला मोजा, हे सांगायची गरज नसावी पण असते. साध्या लोखंडाचा बुश नको, स्टेनलेस किंवा पितळ, मूळचा जो असेल तो. सील ज्या बाजूने आत येणार ती कड तिरकी उतरवून घ्या. बुश आणि शाफ्ट यांच्या मधूनही पाणी जातं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, बाहेरून सगळं टकाटक आणि खालून गळती, म्हणून बुश दाबून बसवताना आतून रिटेनिंग कंपाऊंड (धातूच्या दोन भागांमधली फट भरून त्यांना धरून ठेवणारा चिकट द्रव) लावायचंच.

आणि आता ती गोष्ट ज्याच्यावर लोकांनी डोकं फोडून घेतलंय. लेथचं टूल पुढे सरकत सरकत धातू कापतं, त्यामुळे बुशवर डोळ्याला न दिसणारी चक्री रेघ राहते, अगदी बारीक आट्याच म्हणा ना. शाफ्ट फिरला की ही आटी पाणी एका दिशेला ढकलते. धुताना ड्रम दोन्ही बाजूंना फिरतो, एकदा पाणी बाहेर ढकललं जातं एकदा आत, पण स्पिन बहुतेक मशीनमध्ये एकाच दिशेला असतो, आणि ती दिशा जर आतली निघाली तर तुम्ही सीलच्या खाली एक छोटा पंपच बसवलाय. मी एक बुश बघितलाय, आरशासारखा चकचकीत, माप तंतोतंत, सील कोरं, आणि गळती जुन्या झिजलेल्या बुशपेक्षा जास्त. तपासायची युक्ती सोपी आहे. बुशला हलकं तेल लावा, लेथवर शाफ्ट अगदी हळू फिरवा, मिनिटाला साठेक फेरे, आणि त्याच्यावर एक शिवणाचा दोरा अर्धा वेढा टाकून खाली ३० ग्रॅमचं वजन लटकवा. दोरा एकाच जागी राहिला तर उत्तम. हळूहळू एका बाजूला सरकायला लागला की शाफ्ट उलटा फिरवा, दोरा उलट्या बाजूला चालायला लागला तर चक्री आहे, शंकाच नाही. ग्राइंडिंगवर, चाक बाजूला न सरकवता फक्त आत देऊन, फिनिश करून घेतलं की ही कटकट संपते. ग्राइंडर नसेल तर शेवटी पेपरने पॉलिश करताना पेपर एकाच जागी धरायचा, बाजूला न्यायचा नाही.

सील बसवताना स्प्रिंगवाली बाजू पाण्याकडे. काढण्याआधी फोटो काढून ठेवा हे सगळे सांगतात, पण आधीच्या माणसाने उलटं बसवलं असेल तर फोटोत पण उलटंच दिसणार, तेव्हा फोटोवर आंधळा विश्वास नको. दोन लिपांच्या मधली जागा ग्रीसने भरायची, कोरडं सील पहिल्याच स्पिनला जळतं. ग्रीस कुठलं, यावर लोक फार वाद घालतात. सील नायट्राइल रबरचं असेल तर साधं ग्रीसही चालतं, ईपीडीएम असेल तर खनिज तेलाच्या ग्रीसने ते फुगतं आणि मऊ पडतं. सील कुठल्या रबरचं ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून सिलिकॉनचं वॉटरप्रूफ ग्रीस घ्या आणि विषय संपवा. काही टबांमध्ये सील आणि बेअरिंगच्या मधे खाली एक बारीक भोक असतं, सीलमधून आलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणून. हे भोक गंजाने आणि जुन्या ग्रीसने बुजलेलं असतं, तार घालून मोकळं करा. बाहेर टबच्या मागे पुलीखाली गंजाचा ओघळ दिसतो तो बहुतेक इथूनच आलेला असतो, आणि तो दिसत होता तेव्हाच मशीन सांगत होतं.

बेअरिंग बसवणं

नंबर रेसवर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये २५ आतलं, ५२ बाहेरचं, १५ रुंदी, ६२०६ म्हणजे ३०, ६२, १६. नंबरच्या मागची अक्षरं पण बघा: २आरएस म्हणजे दोन्हीकडे रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. झेडझेड धूळ अडवतं, पाणी अडवत नाही, मशीनमध्ये २आरएसच. सी३ म्हणजे आतली ढील नेहमीपेक्षा जास्त, घट्ट फिटिंगमध्ये आणि गरम पाण्याच्या मशीनमध्ये ती उपयोगी पडते, मूळच्यावर सी३ असेल तर तेच आणा. फार जुन्या काही मशीनमध्ये बेअरिंग इंची मापाचं निघतं, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्या शाफ्टवर २५ चं बेअरिंग जात नाही म्हणून शाफ्ट घासून काढणारे महाभाग आहेत. कृपा करून आधी व्हर्नियर लावून माप घ्या.

घरात दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या रेसवर. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठोकायला छान उपयोगी पडते, ती किंचित घासून लहान केली की नंतर अडकत पण नाही. बेअरिंग बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये आणि घर धातूचं असेल तर हॉट एअर गनने गरम, मग बरेचदा हातोडीची गरजच लागत नाही. प्लॅस्टिकच्या टबवर गरम हवा नको. पूर्ण बसलं की ठोकण्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो टणक येतो, तिथे थांबा.

दोन बेअरिंगांच्या मधे काही मशीनमध्ये नळीसारखा स्पेसर असतो. आधीच्या कुणीतरी तो हरवला असेल तर पुलीचा बोल्ट आवळताना दोन्ही आतल्या रेसा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्या कडेला दाबल्या जातात, वर म्हटलं ना, एका कडेचा पट्टा, तो यामुळे. बोल्ट पूर्ण आवळल्यावर ड्रम जड फिरायला लागला, ढिला केल्यावर हलका, तर स्पेसर गायब आहे किंवा चुकीच्या लांबीचा आहे.

लाल भुकटीवाल्यांसाठी: शाफ्टची सीट झिजली असेल तर सेंटर पंचाने टोचे मारून बेअरिंग घट्ट करायची पद्धत आहे, ती करू नका. ते टोचे स्पिनच्या कंपनात बसून जातात आणि बेअरिंग तिरकं बसतं ते वेगळंच. मिलिमीटरचा शंभरातला एखाद-दोन भाग ढिलं असेल तर रिटेनिंग कंपाऊंड पुरतं, त्याहून जास्त असेल तर सीट भरून लेथवर परत मापात घ्या.

स्पायडरकडे ड्रम बाहेर आहे तोवरच नीट बघून घ्या. अॅल्युमिनियमला अल्कली चालत नाही आणि डिटर्जंट, धुण्याचा सोडा हे सगळं अल्कलीच, त्यात ड्रम स्टेनलेसचा आणि स्पायडर अॅल्युमिनियमचा, ओल्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला कमजोर खाल्ला जातो, तो इथे अॅल्युमिनियम. हातांवर पांढरी भुकटी आणि चिकट साबणाचा थर असतो, तारेच्या ब्रशने तो काढला की खाली खड्डे दिसतात. खड्डे वरवरचे असतील तर चालवा. हात जिथे मधल्या भागाला मिळतो तिथे रेघ दिसली, अगदी केसासारखी, तर स्पायडर बदला. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील, आतून खाल्लेल्या अॅल्युमिनियमवर वेल्डिंग टिकत नाही आणि स्पिनमध्ये सुटलेला ड्रम टब फोडून बाहेर येऊ शकतो. पावडर कमी टाका, क्लोरीनचं ब्लीच टाळा आणि धुऊन झालं की दार उघडं ठेवा, स्पायडरचं आयुष्य एवढ्यानेच बरंच वाढतं.

पट्ट्याबद्दल एवढंच की घट्ट म्हणजे चांगला असं नाही. जुन्या व्ही-पट्ट्याला मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. गिटारसारखा ताणला की मागचं बेअरिंग चोवीस तास खाली ओढलं जातं, मशीन बंद असताना पण.

मशीन मॉडर्न केलंय त्यांनी हे वाचा

जुन्या मशीनचा फिरता टायमर काढून मायक्रोकंट्रोलर बसवायचा, मोटरला स्पीड कंट्रोल द्यायचा, हे काम मजेचं आहे आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण यानंतर बेअरिंग जायचं प्रमाण वाढलं असेल तर कारण बहुधा तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. जुन्या मशीनचा स्पिन मिनिटाला ८०० फेऱ्यांचा होता आणि मोटर सहज देतेय म्हणून तुम्ही १२०० केला. ड्रमची त्रिज्या २३ सेंटिमीटर धरा आणि ओला टॉवेल एका बाजूला गोळा होऊन अर्ध्या किलोचा असमतोल झाला असं धरा. ८०० ला तो साधारण ८२ किलोच्या वजनाएवढं खेचतो, १२०० ला १८५. टब स्प्रिंगवर हलतो त्यामुळे हे सगळंच्या सगळं बेअरिंगवर येत नाही, पण पट तीच राहते, वेग दीडपट तर ओढ सव्वादोन पट. आणि बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट्या प्रमाणात जातं, म्हणजे सव्वादोन पट भाराला आयुष्य अकराव्या हिश्श्यावर. शिवाय ड्रम एका टोकाला लटकलेला, पुढचं बेअरिंग टेकू झालेलं, त्याच्यावर प्रत्यक्ष भार यापेक्षाही जास्त.

मूळच्या पाटीवर जो स्पिन लिहिलाय त्याच्या वर जाऊ नका. १९३७ साली बेंडिक्सचं पहिलं घरगुती फ्रंट लोड ऑटोमॅटिक आलं ते जमिनीला बोल्टने आवळावं लागायचं, नंतरच्या मशीननी स्प्रिंगा आणि काँक्रीटची वजनं आणली, पण प्रत्येक डिझाइनचं गणित त्याच्याच वेगापुरतं केलेलं असतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्पिनला कसं चढता. याच २३ सेंटिमीटरच्या ड्रममध्ये मिनिटाला ६२ फेऱ्यांच्या वर गेलं की कपडे वरच्या बाजूलाही भिंतीला चिकटून राहतात. म्हणून धुण्याच्या पन्नासेक फेऱ्यांवरून थेट ८०० ला उडी मारायची नाही, आधी ८० ते १०० वर थोडा वेळ थांबायचं, कपडे भिंतीवर पसरू द्यायचे आणि तेवढ्यात टॅकोकडे, म्हणजे मोटरचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे, बघायचं. असमतोल असेल तर एकाच फेऱ्यात वेग कमी-जास्त होतो, जड बाजू वर चढताना मंद, खाली येताना जलद. हा फरक तुम्ही ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर ड्रम थांबवून परत उलट-सुलट फिरवून कपडे मोकळे करायचे आणि परत प्रयत्न, काही प्रयत्नांनी जमलंच नाही तर स्पिन कमी वेगात उरकायचा. नवीन मशीनं हेच करतात. कोडमध्ये हे लिहायला एक संध्याकाळ लागते आणि आधी बेअरिंग बदलण्यात याहून जास्त वेळ गेलाय.

ज्यांनी थ्री फेज मोटर आणि इन्व्हर्टर ड्राइव्ह बसवलाय त्यांच्यासाठी एक वेगळीच भानगड, ड्राइव्हमुळे मोटरच्या शाफ्टमधून करंट जाऊन मोटरच्या बेअरिंगच्या रेसवर धुण्याच्या पाटीसारख्या रेघा पडू शकतात. मोटरचं अर्थिंग नीट करा. ड्रमची बेअरिंगं यातून सुटतात, मधे रबरी पट्टा आहे.

जोडल्यावरची टेस्ट

इथे बरेच जण फसतात. मशीन जोडलं, पाणी भरलं, तासभर ठेवलं, खाली काही नाही, म्हणजे सील पास. पण फ्रंट लोडमध्ये धुताना पाणी बहुधा शाफ्टच्या खालीच असतं, सीलवर येतं ते उडालेलं आणि ड्रमच्या पाठीवरून ओघळणारं. म्हणजे भरून ठेवलेलं पाणी सीलला शिवलंच नाही, पास कसलं.

टेस्ट टेबलावर करा, मशीनमध्ये टब चढवायच्या आधी. टबचा मागचा भाग, त्यात ड्रम बसवलेला, पुली खाली आणि तोंड वर असा दोन ठोकळ्यांवर ठेवा, पुलीखाली पांढरा कागद. वरून पाणी ओता, स्पायडरचा मधला भाग तीन-चार बोटं बुडेल इतकं. तासभर राहू द्या, मधून मधून ड्रम हाताने दोन्ही दिशांना फिरवा, गरम पाणी घेतलंत तर अजून चांगलं, रबर आणि धातू गरम झाल्यावर जसे वागतात तसे वागतील. कागद कोरडा पाहिजे, ओलसर नाही, कोरडा. डाग पडला तर वैताग येतो मान्य, पण बेअरिंग अजून कोरं आहे, आज फक्त सील आणि बुश परत काढायचाय.

मशीन चालू झाल्यावर पहिले काही धुणे मागचं झाकण न लावता मशीन भिंतीपासून लांब ठेवून करा (चालू असताना मागे हात नको, पट्टा आणि पुली उघडी आहेत). प्रत्येक धुण्यानंतर प्लग काढून टॉर्चने पुलीच्या खालची जागा आणि ते बारीक भोक बघा. भोकाशी ओल दिसली की त्याच आठवड्यात उघडा, घरघरीची वाट बघू नका, आवाज येईपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं.